पाच रुपयांची खडकाई

“हात धुतलेस का?” काकांनी माईकमधून विचारलं.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. माईकची काही गरज नव्हती. पण सभामंडपाच्या स्लॅबसाठी वर्गणी मागायला त्यांनी तो एकदा हातात घेतला होता, आणि तेव्हापासून फक्त जेवताना खाली ठेवत असावेत.

“धुतले.”

“साबणानं?”

“साबणानं.”

“साबणानं धुतल्यात,” काकांनी जमलेल्या गावाला सांगितलं. मागून कुणीतरी “खडकाईच्या नावानं” असं ओरडलं आणि बाकीच्यांनी “चांगभलं” म्हणून माझ्या साबणाचं स्वागत केलं.

मला राग आला होता. आधीच सांगून ठेवतो, कारण मी रागात असलो की विनोदी दिसतो, असं लोक म्हणतात. त्यानं राग आणखी वाढतो, मग मी आणखी विनोदी दिसतो. या प्रकाराला शेवट नाही.

माझ्यासमोर ताम्हण होतं. ताम्हणात कुंकू आणि कुंकवावर पाच रुपयांचं नाणं. दानपेटी उघडली तेव्हा बंडा गुरवाला ते सापडलं होतं. पाचच्या आकड्याखाली जिथं साल लिहिलेलं असतं, तिथं साल नव्हतंच. तिथं काठाला लागून एक गुळगुळीत उंचवटा होता, तुरीच्या डाळीएवढा. आता आमची खडकाई म्हणजे काय, तर जमिनीतून वर आलेला एक गोल दगड. नाक नाही, हात नाहीत. वरून शेंदूर आणि चिकटवलेले चांदीचे डोळे. नाण्यावरचा उंचवटा हुबेहूब तसाच दिसत होता. गुरवानं ते काकांना दाखवलं. काका म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ आणि देवस्थानचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “आई आली.”

एवढ्यावर थांबलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. आमच्या बोरखडकात याहून मोठे गैरसमज सुखानं नांदतात; आमच्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालेलं आहे. पण काकांनी ते नाणं रोज पाण्यात बुडवून तीर्थ वाटायला सुरुवात केली आणि देवळाच्या फळ्यावर एक नियम लिहिला : तीर्थ चालू असताना दुसरं औषध घेऊ नये, देवीचा अवमान होतो.

माझ्या आईच्या छातीत धातूची झडप आहे. मूळची खराब झाली, म्हणून सांगलीला ऑपरेशन करून बसवली. घर शांत असलं की तिची टिकटिक ऐकू येते. पाहुण्यांना वाटतं घड्याळ आहे. ते भिंतीवर शोधत बसतात. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज एक गोळी घ्यावी लागते, रक्त पातळ ठेवणारी. रोज, जन्मभर.

फळ्यावरचा नियम वाचून आईनं ती गोळी बंद केली.

मी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, “तिला काहीच त्रास होणार नाही. उलट बरं वाटेल. आणि मग एकदम होईल.” पुढं ते काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही.

म्हणून मी भिंग घेऊन देवळात उभा होतो. एका खिशात भिंग, दुसऱ्या खिशात आईच्या गोळ्यांची पट्टी. तपासणीची मागणी मीच केली होती. मला नाण्यांतलं कळतं हे गावाला माहीत होतं. सुट्ट्या पैशांत टाकसाळीची चुकलेली नाणी शोधायची, हा माझा छंद. चुकलेली म्हणजे टाकसाळीतच बिघडून बाहेर पडलेली. ती फार क्वचित मिळतात. लोक माझ्याकडं जी आणायचे, ती त्यांनी स्वतः बिघडवलेली असायची : रेल्वेखाली ठेवलेली, शेगडीत तापवलेली, पान्यात धरून चेपलेली. मोबाईलवर कुणीतरी सांगायचं की असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. मी बघायचो आणि म्हणायचो, “खोटं आहे.” इतक्यांदा म्हणालो की पोरं मला ‘खोटंहाय’ याच नावानं हाक मारायची.

आणि काकांच्या मुलाचं, रणजितचं, वेल्डिंगचं दुकान होतं. तो उंचवटा कुठून आला, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी भिंगातून बघणार होतो, वेल्डिंगचा जोड दाखवणार होतो, माईक हिसकावून घेऊन चार अक्षरी निकाल देणार होतो आणि आईला हाताला धरून घरी नेणार होतो. आई बायकांमध्ये पुढंच बसली होती. तिचा चेहरा टवटवीत दिसत होता. डॉक्टर म्हणाले होते, अगदी तसाच.

मी नाणं उचललं. काठ बघितला. जोड नव्हता. उंचवट्याचा रंग नाण्याचाच होता. धातू कुठं वितळलेला नव्हता, कानशीचा ओरखडा नव्हता. मग मी नाणं उलटं केलं.

उंचवट्याच्या बरोब्बर पाठीमागं, सिंहांच्या खाली, ‘सत्यमेव जयते’ पुसट झालं होतं. घासून नव्हे. ते मुळातच नीट उठलं नव्हतं.

मी ‘टूल अँड डाय’चा आयटीआय. ठसे आणि साचे बनवायचं काम शिकलेला. टाकसाळीत लोखंडी ठशानं नाणं दाबतात. ठशाच्या काठाचा टवका उडाला की तिथं खड्डा पडतो, आणि दाबताना नाण्याचा धातू त्या खड्ड्यात चढतो. तो झाला उंचवटा. पण धातू तिकडं चढला की नेमक्या पाठीमागच्या जागेला दाब कमी पडतो आणि तिथली अक्षरं अर्धवट उठतात. वेल्डिंगवाल्याला पुढचं सोंग आणता येईल. पाठीमागची अक्षरं पुसट करायची, हे त्याच्या डोक्यातही यायचं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी टवका उडालेल्या ठशाचं नाणं हातात धरलं होतं. आणि काय सांगू, मी हसलो. आनंदानं, तोंडभर हसलो. अख्ख्या गावासमोर.

“बघा!” काका माईकमधून म्हणाले. “पोराचा चेहरा बघा!”

“काका, ऐका—”

“एवढंच सांग. हे कुणी केलंय का?”

“कुणी केलेलं नाही, पण टाकसाळीत ठशाचा—”

“कुणी केलेलं न्हाई!” काका ओरडले, आणि हलगी सुरू झाली. पुढचं माझं ठशावरचं व्याख्यान हलगीत गेलं. मी ते पूर्ण केलं, कारण मला थांबता येईना. माझ्या पायावर कुणीतरी भंडारा टाकला.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. त्यावर मी होतो. डोळ्याला भिंग लावलेला, दात दाखवत. खाली : ‘विज्ञानानेही हात टेकले! तपासणी – श्री. धैर्यशील (टूल अँड डाय)’. शेजारच्या गावांतून टेम्पो भरून माणसं यायला लागली.

मी घरी गेलो तेव्हा आई भाकरी थापत होती.

“गोळी घे,” मी म्हणालो.

“तूच सांगितलंस की. कुणी केलेलं न्हाई.”

“यंत्रानं केलंय, आई. यंत्र बिघडलं होतं.”

“यंत्र बिघडलं आणि नेमकी आमची खडकाई झाली? मारुती झाला न्हाई, गणपती झाला न्हाई?”

“उंचवटा आहे तो! उंचवट्यासारखी दिसणारी देवी फक्त आपल्याच गावात आहे, म्हणून!”

“मग तेच म्हणतीया मी.”

मी परातीवर हात आपटला. पीठ उडालं. आईनं शांतपणे पदरानं तोंड पुसलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. घरात टिकटिक ऐकू येत होती.

“धैर्या,” ती म्हणाली, “एवढी वरसं मी तिच्याकडं बघत हुते. आता पैल्यांदा ती माझ्याकडं बघतीया. तू मधी येऊ नगो.”

तिनं खडकाईकडं काय बघितलं होतं, ते मला ठाऊक होतं. वडलांची दारू सुटावी म्हणून आईनं त्या दगडापुढं इतके नारळ फोडले, की नारळवाल्यानं मजल्यावर मजला चढवला. दर मंगळवारी नारळ, आणि दर मंगळवारी वडील मालनच्या दारूच्या दुकानात. दारू सुटली नाही. शेवटी वडीलच सुटले. त्यावर आई कधी एक शब्द बोलली नव्हती. ना वडलांना, ना मालनला, ना देवीला.

त्या रात्री जेवलो नाही. सकाळी कारखान्यात गेलो, तर आमच्या प्रेसवर बोंब झालेली. आमच्याकडं वायसर बनवायचे, नटाखाली घालतात त्या चकत्या. पंचाचा, म्हणजे प्रेसमधल्या ठशाचा, टवका उडाला होता आणि ऑपरेटर मोबाईलमध्ये होता. सुपरवायझर कदम वायसरनं भरलेला ट्रे उपडा करून ओरडत होते :

“हा बघ! हा बघ! हा पण बघ! एकाच जागी, धातूचं एकच नख वर आलंय! अरे, पंच तुटला की तेवढा एकच वायसर खराब होतो असं वाटलं व्हय रे तुला? बदलेपर्यंत सगळे तसलेच पडत राहणार!”

शिव्या त्या ऑपरेटरला होत्या. पण मी हातातली कानस खाली ठेवली आणि थेट फाटकाकडं चालायला लागलो. कदमांनी मलाही एक घातली. ती मला लागू नव्हती, तरी घेतली.

एका तुटलेल्या ठशानं एकच नाणं कसं पडेल?

टाकसाळीतून नाणी पिशवीत भरून बँकेत जातात. एका पिशवीत बरीचशी एकाच ठशाची असू शकतात. आमच्या गावात बँकेतून नाण्यांची अख्खी पिशवी कोण उचलतं? किराणावाल्याला चॉकलेटं देऊन भागतं. गिरणीवाला उधारीत लिहितो. सुट्टे मोजून मागणारं आणि मोजून देणारं गिऱ्हाईक गावात एकाच ठिकाणी उभं असतं.

‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ या पाटीखालून मी आयुष्यात पहिल्यांदा आत गेलो. मालन गल्ल्यावर बसली होती. नवरा गेल्यापासून दुकान तीच चालवायची. जाळीमागं तिचं कपाळ तेवढं दिसायचं.

“या,” ती म्हणाली. “बापाची जागा अजून कुणी घेतल्याली न्हाई. बस.”

माझे कान तापले. “प्यायला नाही आलो, मावशी. तुमची सुट्टी नाणी बघायचीत. पाचाची.”

“दर्शनाला आलास व्हय? फलक बघितला तुझा. दात चांगलं आल्यात.”

“मावशी, माझी आई गोळ्या घेत नाहीये.”

तिचा हात थांबला. आईचं ऑपरेशन गावाला माहीत होतं. मालन आत गेली आणि लोखंडी पेटीतून एक कापडी पिशवी ओढत आणली. माझ्यापुढं टाकली तेव्हा फरशी दणाणली.

“ही बँकेची. वरचं वरचं जातं, तळचं तसंच ऱ्हातं. बघ काय बघायचं ते. पण इथंच. आणि गिऱ्हाइकाच्या पायात येऊ नगोस.”

मी फरशीवर फतकल मारली आणि नाणी उलटीपालटी करायला लागलो. माझ्या डोक्यावरून लोक नव्वद मागत होते, पावशेर मागत होते. एक जण बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि मग मला पाच रुपये देऊन गेला. मी तेही तपासलं.

आणि मग ती निघाली. साल नाही, काठाला उंचवटा, पाठीमागं ‘सत्यमेव’ पुसट. खडकाई. मी तिला बाजूला ठेवेपर्यंत दुसरी निघाली. मग आणखी. सगळ्या बहिणी, सगळ्या एका आईच्या, त्याच जागी, त्याच आकाराच्या. माझी मूठ भरली तेव्हा मला हसू आलं नाही. मला वाटलं, आता काकांचा माईक गिळायला लावतो त्यांना.

“पिशवी देवळात न्यायचीय,” मी म्हणालो.

“पिशवी माझी,” मालन म्हणाली. “मी येणार.” तिनं शटर ओढलं. दुकानासमोर थांबलेली माणसं कुणी मेल्यासारखी गप्प झाली.

मंगळवार होता. आरती होऊन तीर्थ वाटायला सुरुवात झाली होती. मालन देवळाच्या पायरीवरच थांबली. वर यायला तिला कुणी अडवलं नसतं, पण कुणी बोलावलंही नसतं. मी आत गेलो आणि मूठ ताम्हणात उपडी केली. नाणी कुंकवात धडाधडा पडली.

“ही घ्या. तुमची देवी. यातली रोज पाण्यात बुडवता ती कुठली, ते दाखवा.”

काकांनी एकेक उचलून बघितलं. माईक पहिल्यांदा त्यांच्या तोंडापासून लांब गेला. मी म्हणालो, “यंत्राचा एक ठसा फुटला होता. बदलेपर्यंत पडलेलं प्रत्येक नाणं असंच आहे. हा चमत्कार पिशवीनं मिळतो.”

मला वाटलं, संपलं. काकांनी घाम पुसला, दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. या माणसाला मी फार कमी लेखलं होतं.

“देवी एक,” ते माईकमध्ये म्हणाले, “रूपं अनेक!”

“चांगभलं!”

मला तो माईक त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. खरंच वाटला. मी ओरडलो, “मालनच्या दुकानात सापडलीत ही! दारूच्या गल्ल्यात!”

हलगी धरलेला हात वरच राहिला. सगळ्यांनी मागं वळून पायरीकडं बघितलं. मालननं पिशवी पोटाशी धरली. पण काका काही हरणारे नव्हते.

“का गेली असंल आई तिथं?” त्यांनी गावाला विचारलं. “वाट चुकल्याल्या लेकरांसाठी! जिथं लेकरू, तिथं आई!” आणि देवाशपथ सांगतो, पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मागची काही तरुण मंडळी दुकानाच्या दिशेनं हळूच सरकायलाही लागली, आता धार्मिक कारणानं.

तेव्हा आई उठली.

ती बायकांमधून वाट काढत ताम्हणापाशी आली. एक नाणं उचलून तिनं डोळ्याजवळ धरलं. मग वळून पायरीकडं बघितलं. त्या दोघी समोरासमोर कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

“मालन,” आई म्हणाली, “ही कवापासनं हाय तुझ्याकडं?”

मालन खाली बघत म्हणाली, “लई दिस झालं, वैनी. तळाची पिशवी हाय.”

“कवापासनं?”

“तुमचं मालक येत हुतं तवापासनं.”

आईनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग ती दगडाकडं वळली. माझ्याकडं नाही, काकांकडं नाही. त्या चांदीच्या डोळ्यांकडं.

“म्हंजे त्यो रोज जात हुता,” ती म्हणाली, “तवा तू तितंच बसली हुतीस.”

“वैनी,” काका माईक खाली करून म्हणाले, “देवीची लीला—”

“तुमी गप बसा, भावजी.”

काका गप बसले. मी जन्मल्यापासून आई त्यांच्याशी पदर नीट केल्याशिवाय बोललेली नव्हती.

“मी हितं नारळ फोडत हुते,” आई दगडाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आणि तू तिकडं गल्ल्यात बसून त्याचं पैसं घेत हुतीस? एक डाव तरी हाकलायचं त्याला. एक डाव! दगडाला हात नसतात म्हणून गप ऱ्हायले मी. बघत तरी हुतीस का न्हाई?”

आईनं नाणं ताम्हणात टाकलं. टाकलं म्हणजे भिरकावलंच. कुंकू काकांच्या सदऱ्यावर उडालं. मग तिनं माझ्यापुढं हात केला.

मला कळायला वेळ लागला. मी चुकून भिंग दिलं.

“गोळी,” ती म्हणाली.

मी खिशातून पट्टी काढून एक गोळी तिच्या हातावर ठेवली. ती तिनं तोंडात टाकली. मग तीर्थाचा तांब्या उचलला, त्याच नाण्याच्या तीर्थाचा, आणि वरून घटाघटा प्याली. फळ्यावरचा नियम तिच्या पाठीमागंच होता. सगळे बघत होते. देवी तर बघतच होती. त्या शांततेत आईच्या छातीतली टिकटिक पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जात होती आणि काही लोक भिंतीवर घड्याळ शोधत होते.

“चल,” आई म्हणाली.

पायरीवर ती मालनजवळ क्षणभर थांबली. मला वाटलं, आता तोंडात मारेल. तिनं पिशवीचं एक टोक धरलं, मालननं दुसरं धरलं, आणि त्या दोघी ती जड पिशवी दुकानापर्यंत घेऊन गेल्या. मी भिंग हातात धरून मागून चालत होतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आई गोळी घेते. रोज, आणि रोज रागानं. कुणाला तरी उत्तर दिल्यासारखी. सभामंडपाचा स्लॅब पडला. पडला म्हणजे झाला. फळ्यावरचा नियम पुसला गेला, तो कुणी पुसला ते कुणी सांगत नाही. माझा फलक कुणीतरी नेऊन म्हशीच्या गोठ्यावर घातला, आणि पावसाळ्यात अजूनही माझे दात तेवढे दिसतात.

ठसा कसा फुटतो, ते मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही.